लेथवर राहिलेला तुकडा

सापगावात आमचं घर विचारलं, तर माणसं ‘पेनवाल्यांचं का?’ असं उलट विचारतात आणि मग हात दाखवतात. हे लाकडाची पेनं करायचे. कल्याणजवळच्या एका कारखान्यात ह्यांची सगळी नोकरी लेथवर, लोखंड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर गेली. निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस लेथपासून सुटेल असं मला वाटलं होतं. तर ह्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात एक छोटा लेथ आणून बसवला. आधी भोवरे झाले, मग दारांच्या मुठी झाल्या, आणि मग पेनं सुरू झाली ती थांबलीच नाहीत. दूधवाल्याला पेन, पोस्टमनला पेन, शेजारणीच्या जावयाला पेन. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा पेन खिशाला लावून गेला. या घरात पेन न मिळालेलं माणूस एकच होतं, आणि ते मी.

मी शहापुरात सरकारी दवाखान्यात नर्स होते. वॉर्डात पेन टिकत नाही. डॉक्टर सहीसाठी मागतात आणि आपल्याच खिशाला लावून राउंडला निघून जातात. नातेवाइकांनी नेलेलं पेन तर पेशंटबरोबर गावी जातं. त्यामुळे उभी नोकरी मी टोपणाला चिकटपट्टी गुंडाळलेल्या स्वस्त बॉलपेनावर काढली. ह्यांचं हे खूळ नवं होतं तेव्हा एकदा मी जेवायला बोलवायला शेडमध्ये गेले. लेथ चालू होता. फळीवर एक तयार पेन ठेवलेलं होतं. ते उचलून मी म्हटलं, “जड आहे हो. तुमची सगळीच पेनं जड. दोन ओळी लिहिल्या तर हात भरून येईल माझा.”

लेथ चालू असताना ह्यांना ऐकू येत नसे. गॅस संपलाय, पाहुणे आलेत, नळाला पाणी आलंय, काहीही सांगा, हे मान हलवणार आणि काम पुढे चालू. तशी त्या दिवशीही हलवली. ह्यांनी काही ऐकलं नाही असंच मी धरून चालले. पुढे गावभर पेनं वाटली गेली, मला एकही मिळालं नाही, आणि मी मागितलंही नाही. मागून घेतलेल्या वस्तूत काय राम असतो? पण मनात होतं. खोटं कशाला बोलू, चांगलंच मनात होतं.

ह्यांच्या या नादापायी आणखी तीन माणसं आमच्या घराला चिकटली. मुरबाडचे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. टोकावड्याचे मेकॅनिक, म्हणजे बसच्या डेपोतून निवृत्त झालेले. ते मोटरसायकलवर यायचे आणि येताना कधी वालाच्या शेंगा, कधी काकड्या आणायचे. आणि शहापुरातले मेडिकलवाले, ज्यांचं औषधांचं दुकान रविवारी दुपारनंतर बंद असायचं. तिघांपैकी कोणाकडेही लेथ नव्हता. मास्तरांनी ड्रिल मशीन आडवं बांधून काहीतरी करून पाहिलं होतं, त्यात त्यांचा सदरा गुंडाळला गेला, तेव्हापासून तेही आमच्याकडेच येऊ लागले. दर रविवारी दुपारी चौघांची बैठक बसे. बैठकीला नाव नव्हतं, कारण नावावर एकमत झालं नव्हतं.

मास्तरांना ‘कातारी’ हवं होतं, लाकूड कातून वस्तू करतो तो कातारी. आपल्या भाषेत एवढा चांगला शब्द असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. मेडिकलवाले परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघत. ते म्हणायचे, जगभर याला ‘पेन टर्नर’ म्हणतात, आपण वेगळं नाव घेतलं तर आपल्याला कोण ओळखणार? आत्ताही आपल्याला कोणी ओळखत नाही, हे मी चहाचा ट्रे ठेवता ठेवता सांगितलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. मेकॅनिकांचं मत होतं की लेथवाले म्हणा नि कामाला लागा.

लेथवर चढवण्याआधीच्या लाकडाला काय म्हणायचं, यात तर एक अख्खा उन्हाळा गेला. मेडिकलवाल्यांचा ‘ब्लँक’. मास्तरांची ‘कांडी’, उसाची असते तशी. मेकॅनिकांच्या लेखी लेथवर जे चढतं तो ‘जॉब’, मग ते लोखंड असो की लाकूड. हे आपले ‘तुकडा’ म्हणायचे. मास्तर म्हणाले, तुकडा काय, कशाचाही असतो, भाकरीचाही असतो. हे म्हणाले, असेल. बाळाचं बारसंसुद्धा दुपारभरात उरकतं. इथे एका लाकडाला चार नावं होती आणि चौघंही आपापल्या नावाने त्याला हाका मारत होते.

सगळ्यात मोठं भांडण किटचं. पेनाच्या आतली यंत्रणा, टोक, खिशाला लावायची क्लिप, हे सगळं तयार पाकिटात मिळतं, त्याला ही मंडळी किट म्हणतात. आपण करायचं ते वरचं लाकूड. मेडिकलवाल्यांनी एका रविवारी जाहीर केलं की किट वापरलं तर ते पेन हाताने केलेलं म्हणता येणार नाही, ते ‘जोडलेलं’ म्हणावं लागेल. त्यांची स्वतःची सगळी पेनं किटचीच होती, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मास्तर म्हणाले, शिंपी काय बटणं घरी करतो? मग सदरा त्याने शिवला की जोडला? मेकॅनिकांनी बसचं उदाहरण काढलं: चासी कंपनीची येते, वरची बॉडी वर्कशॉपात बांधतात, म्हणून वर्कशॉपातल्या माणसांनी ‘आमी बस जोडली’ म्हणून सांगायचं काय? ह्यांचं त्याहून निराळंच. ह्यांच्या मते फिरत्या लाकडावर पटाशी टेकवून कातलं ते खरं. ज्याने नुसता सँडपेपर लावून आकार आणला त्याने पेन कातलं नाही, घासलं. हे मास्तरांना लागलं, कारण मास्तर तसंच करत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले, पण ह्यांच्याकडे न बघता चहा प्यायले.

मुरबाडला एका शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथे मास्तरांच्या ओळखीने या चौघांना एक टेबल मिळालं. टेबलावर पाटी हवी. पाटीवर काय लिहायचं, यावर जायच्या दिवसापर्यंत चर्चा चालली. हातघडणीची? कातीव? जोडीव? शेवटी पाटीवर नुसतं ‘पेन’ लिहिलं. दिवसभर मुलं येऊन रिफील मागत होती.

एक रीत मात्र चौघांनी मिळून पाडली होती आणि तिच्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. पेन पूर्ण झालं की ते गोल फिरवायचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर प्रत्येकाने त्या पेनाने एक ओळ लिहून बघायची. मग दोऱ्याने त्याला चिठ्ठी बांधायची: लाकूड कोणतं, प्रकार कोणता, आणि कोणी केलं. तिन्हींवर सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पेन शेडबाहेर न्यायचं नाही. त्यामुळे पेन करायला एक सकाळ पुरे आणि शेडबाहेर पडायला त्याला महिना लागे.

मागच्या वर्षी वैशाखात हे गेले. सकाळी केळीला पाणी घालत होते, छातीत कळ येते म्हणाले आणि तिथेच बसले. मी नर्स आहे. नाडी माझ्या बोटांखाली होती, त्यामुळे ती कधी थांबली हे मला दुसऱ्या कोणी सांगावं लागलं नाही.

घर माणसांनी भरलं. नणंदेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि पहिल्याच दिवशी लाटण्यावरून माझ्याकडे तक्रार आणली. हे कसलं लाटणं, हातात काही लागतच नाही, म्हणाली. तिचं खरं होतं. आमचं जुनं लाटणं ह्यांच्या जाण्याच्या थोडे दिवस आधीच हरवलं होतं. लग्न नवीन असताना ह्यांनीच ते कारखान्यातल्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत केलं होतं, पोळपाटासकट. मूठ चिरली होती, एका बाजूने करपलं होतं, आणि ‘हे एकदा टाकून द्यायला पाहिजे’ असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. पण ते खरंच दिसेनासं झालं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं, रविवारी आलेल्या तिघांनाही विचारून झालं. हे माझ्याबरोबर शोधायला लागले. फ्रिजखाली बॅटरी मारून बघितली, माळ्यावर चढून बघितलं. उंदीर नेतात कधी कधी, म्हणाले. मी म्हटलं, लाटणं? तर म्हणाले, मोठे असतील. आणि आठवडी बाजारातून नवं आणून दिलं, जे नणंदेला पसंत पडलं नाही.

दिवसकार्य झालं, माणसं गेली. पुढच्या रविवारी दुपारी तिघं नेहमीच्या वेळेला आले. भेटायला आलोय म्हणाले आणि सवयीने शेडकडे वळले. मीही मागोमाग चहा घेऊन गेले. लेथवर एक काम अर्धवट होतं. सळईवर लाकडाचे दोन भाग चढवलेले, पेनाचा खालचा आणि वरचा, ओबडधोबड गोल केलेले. तेवढ्यावर हे थांबले होते.

काढून ठेवावं का, असं मेकॅनिक म्हणाले. मास्तर म्हणाले, लेथवरचं काम एकदा उतरवलं की पुन्हा नेमकं त्याच मध्यावर बसत नाही. हे ह्यांचंच वाक्य होतं, त्यामुळे कोणाला खोडता आलं नाही. ते तसंच ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, कोणी हात लावला नाही. आणि लेथ एकच असल्यामुळे त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये पेन करणं बंद झालं. पेनांवर बोलणं तेवढं राहिलं.

मशीन नुसतं पडून राहिलं तर बेअरिंग धरतं, असं मेकॅनिकांनी सांगितलं. म्हणून दर रविवारी ते लेथला तेल देत, बटण दाबत आणि तो तुकडा रिकामाच फिरू देत. हत्यार कोणी लावत नसे. आम्ही चौघं समोर उभे राहून बघायचो. मग बटण बंद, मग चहा. बाहेरून कोणी बघितलं असतं तर आरती चालली आहे असंच वाटलं असतं.

लाकूड कोणतं हे कळत नव्हतं. ह्यांनी बोलून ठेवलं नव्हतं आणि कोपऱ्यातल्या ढिगात तसलं दुसरं सापडलं नाही. रंग काळपट तपकिरी, आणि एका बाजूला काळीभोर शीर. मास्तर शिसव म्हणाले, ती शीर बघून. मेकॅनिक म्हणाले, आमच्याकडच्या जंगलात वाढलेला माणूस खैर वळखणार नाय तर कोण वळखणार. मेडिकलवाल्यांना ती शीर बुरशीने पडलेली नक्षी वाटत होती, परदेशात अशा लाकडाला फार मान आहे म्हणे. आणखी एक कोडं होतं. लाकडात बसवलेली पितळी नळी बारीक होती. बारीक नळीच्या पेनाला मेडिकलवाले ‘स्लिम’ म्हणत, मास्तर ‘सडपातळ’, आणि हे त्याला पेनच म्हणत नसत, दातकोरणं म्हणत. तरी खणात एक बारीक किट न उघडलेलं मिळालं. ह्यांनी स्वतःच्या हाताने दातकोरणं का करायला घ्यावं, हे कोणालाच सांगता येईना. मेडिकलवाल्यांनी ते ‘ट्रायल’ ठरवून टाकलं.

मला त्यातलं काहीच नको होतं. मला एवढंच हवं होतं की हे पेन कोणासाठी चाललं होतं ते कळावं. दूधवाल्याचं झालं होतं, जावयाचं झालं होतं. मग हे कोणाचं? एकदा मी तिघांना विचारलं. बोलले नव्हते, असं मास्तर म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघून घाईने कप उचलायला लागले. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

मग हे पेन कोणीतरी पूर्ण केलं तर चिठ्ठीवर नाव कोणाचं, असा वाद निघाला. मास्तरांचं म्हणणं, शेवटचा हात ज्याचा, वस्तू त्याची. पाया बाप घालतो, पण घर कोणी बांधलं म्हटलं की कौलं चढवणाऱ्या मुलाचं नाव घेतात. मेकॅनिकांचं म्हणणं, इंजिन ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं. तो नसेल तर गाडी उघडी उभी राहू दे. मेडिकलवाले म्हणाले, परदेशात अशा वेळी दोन नावं घालतात. त्यावर आधी गेलेल्याचं घालायचं की असलेल्याचं, यात श्रावण संपला. तो संपेपर्यंत तिघांपैकी एकानेही पटाशीला हात लावला नव्हता. लावला असता तर नाव लावायची पाळी आली असती.

मला राग यायचा. नवऱ्याचं काम डोळ्यांसमोर नुसतं फिरतंय आणि ही माणसं नावाचा कीस काढत बसली आहेत. पण एखाद्या रविवारी पाऊस फार म्हणून ते आले नाहीत, तर मला दुपार खायला उठायची. सगळे गेले की मी लाकडावरून अंगठा फिरवायचे. पटाशीच्या बारीक रेघा लागायच्या. ह्यांच्या हाताचं घरात बाकी सगळं गुळगुळीत होतं, मेण लावून चकचकीत केलेलं. खरबरीत राहिलेलं तेवढंच होतं.

यंदा उन्हाळा लागला आणि तुकड्याला चीर गेली. मेकॅनिकांनी तेल देता देता बघितली आणि नखाने दाखवली. केसाएवढी होती. आत्ता डिंक भरून काम पुरं केलं तर लाकूड वाचेल, नाहीतर पावसाळ्याआधी उकलेल, यावर तिघांचं एकमत झालं. एकमत झालेलं बघून मीच दचकले. मग कोण करणार, असं मी विचारलं. मास्तरांनी चष्मा पुसायला काढला. मेडिकलवाले दुकानात गर्दी फार असते म्हणाले, रविवारी.

“मी करते,” मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, “वहिनी, त्यांच्या हाताच्या खुणा जातील हो त्याच्यावरच्या.”

ते मला त्यांच्याआधी माहीत होतं. खुणा ठेवायच्या तर लाकूड जाणार, लाकूड ठेवायचं तर खुणा जाणार. दवाखान्यात असले निर्णय आम्ही उभ्या उभ्या घ्यायचो. पण तिथे पेशंट आपला नसायचा. मी साडीचा पदर खोचला, ह्यांचा कामाचा चष्मा डोळ्यांना लावला आणि पटाशी मागितली.

चीर आधी डिंकाने भरून घेतली होती. मेकॅनिक माझ्या कोपराशी उभे राहिले. बटण दाबलं. मी हत्यार पुढे नेलं तसं ते म्हणाले, “वयनी, नुसतं टेकवा. ढकलू नका. लाकूड येतंय तुमच्याकडं, तुमी नका जाऊ.”

मी टेकवलं. शीर शोधून सुई घालायची सवय असलेला हात होता. लाकडाचा बारीक कीस उडायला लागला. मी बघत असताना एका टोकाकडून ह्यांच्या रेघा पुसत गेल्या आणि दुसऱ्या टोकाला पोचण्याआधीच मला दिसेनासं झालं, कारण डोळे भरून आले होते. लेथ मी बंद केला नाही. बंद केला असता तर पुन्हा चालू केला नसता.

आकार आला. आता वर चकाकी चढवायची. मेडिकलवाल्यांकडे त्याची परदेशी पद्धत होती: झटकन चिकटणाऱ्या डिंकाचे थरावर थर द्यायचे, की काचेसारखं होतं. त्यांनी मोठ्या काळजीने थर दिले. वाळल्यावर त्याच्यावर दुधाच्या सायीसारखा पांढुरका पापुद्रा धरला आणि नखाने सोलून निघाला. पुढच्या रविवारी पुन्हा दिले, पुन्हा निघाला. मेडिकलवाले म्हणाले, लाकूड तेलकट आहे, डिंक धरणार नाही. मास्तर म्हणाले, मी काय म्हणत होतो, शिसव तेलकटच असतं. मेकॅनिक म्हणाले, खैर काय कोरडा असतो काय? आणि वर्षभराचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

त्यांचं चालू होतं तोवर मी लेथ चालू करून उरलेला पापुद्रा काढायला सँडपेपर लावला. राग हातात उतरला होता, जरा जोरानेच दाबला. लाकूड तापलं. आणि वास आला.

आधी मला वाटलं, स्वयंपाकघरात गॅस चालू राहिला. वास गोडेतेलाचा होता, जुन्या, मुरलेल्या गोडेतेलाचा, आणि त्यात करपल्या पिठाचा. होळीला पुरणपोळ्या करून उठलं की पदराला येतो तसा. मी सँडपेपर काढला, वास विरला. पुन्हा लावला, पुन्हा आला. मी लेथ बंद केला आणि तशीच घरात गेले. तिघांना वाटलं मला भरून आलं. मास्तर मागून म्हणाले, वहिनी, बसा थोडं.

मी पोळपाट घेऊन आले. सँडपेपर घेतला आणि पोळपाटाच्या कडेवर घासला, कड तापेपर्यंत घासला. मग पोळपाट मेकॅनिकांपुढे धरला आणि लेथकडे बोट दाखवलं. निदान माझं झालेलं होतं, पण दुसऱ्याचं मत घ्यावं अशी आमच्या कामातली रीत आहे.

मेकॅनिकांनी पोळपाटाचा वास घेतला. वाकून लेथवरच्या तुकड्याचा घेतला. पुन्हा पोळपाटाचा घेतला. मग सरळ उभे राहिले.

“वयनी,” ते म्हणाले, “ह्ये तर तुमचं लाटणं हाय.”

मास्तरांनीही वास घेतला. मेडिकलवाल्यांनी वास घ्यायला चष्मा काढला. आंबा आहे, मी म्हटलं. ह्यांच्या गावच्या आंब्याची वाऱ्याने पडलेली फांदी. त्या काळी आमच्याकडे शिसव कुठून असणार? काळपट झालाय तो माझ्या तेलाने, आणि शिसवाची शीर, खैराचा गाभा, बुरशीची नक्षी, जे काय तुम्ही वर्षभर बघत होतात, ती माझी शेगडी आहे. शेगडीला टेकून राहिलं होतं एकदा.

मला आधी रागच आला. तो माणूस माझ्याबरोबर फ्रिजखाली बॅटरी मारून बघत होता! लाटणं तेव्हा शेडमध्ये कापून, भोकं पाडून तयार असणार. उंदीर मोठे असतील म्हणाला! मग त्या उंदरांचं मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते बराच वेळ थांबेना. तिघंही पत्र्याकडे बघत उभे राहिले. बाकी कोणी त्या लाटण्याने काही लाटलं नव्हतं. दूधवाल्याने नाही, जावयाने नाही. ते पेन कोणासाठी चाललं होतं, हे आता कोणाला विचारायची गरज नव्हती.

डिंकाचा नाद सोडून आम्ही नुसतं मेण लावलं, ते बसलं. मेकॅनिकांनी शिकंज्यात धरून खणातलं बारीक किट दाबून बसवलं. काळी करपलेली खूण क्लिपच्या बरोबर खाली आली. ती तशी यावी म्हणून ह्यांनी तुकडे कापताना बेत केला होता की आपसूक आली, यावर मास्तर आणि मेडिकलवाल्यांचं अजून जमलेलं नाही.

मग रीतीप्रमाणे पेन फिरलं. कॅलेंडरच्या पाठीवर मास्तरांनी एक ओळ लिहिली, मेडिकलवाल्यांनी लिहिली, मेकॅनिकांनी नुसती रेघ ओढली. चिठ्ठी तयार ठेवली होती. लाकूड: आंबा. चर्चा न होता लिहिलं गेलेलं हे आमच्या शेडमधलं पहिलंच लाकूड. प्रकार: मेडिकलवाले तत्त्वाला धरून ‘जोडलेलं’ म्हणायला निघाले होते, पण माझ्याकडे बघून थांबले आणि ती जागा सोडून पुढे सरकले. मेकॅनिकांनी विचारलं, “वयनी, कोणी केलं म्हनून लिवायचं?”

मी पेन हातात घेतलं आणि कॅलेंडरवर लिहायला लागले. एक ओळ लिहिली. मग आणखी एक. मग महिन्याचं वाणसामान आठवेल तसं लिहीत गेले, गूळ, रवा, जिरं, पान भरेपर्यंत. पान संपलं तेव्हा मी मनगट फिरवून बघितलं. हात भरून आला नव्हता. आंब्याचं लाकूड, बारीक नळी. दातकोरणं.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“हलकं आहे,” मी म्हटलं.

ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. पण मला शेडमधली ती दुपार दिसत होती, फळीवरचं पेन, लेथचा आवाज, आणि माझ्याकडे पाठ करून नुसती मान हलवणारे हे. म्हणजे लेथ चालू असताना ह्यांना ऐकू येत होतं.